खिसे रिकामे करून या

सुदाम्याची गोष्ट कोणी नव्याने सांगायला नको. द्वारकेच्या दारात तो संकोचून उभा राहिला, पण काखेत निदान पोह्यांची पुरचुंडी तरी होती. फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये नवा सभासद आत घेतात तेव्हा ती पुरचुंडीसुद्धा बाहेरच काढून ठेवतात.

अक्षरशः! पाकीट, नाणी, घड्याळ, अंगठी, अंगावर धातूचं म्हणून काही राहू द्यायचं नाही. उजवा हात उघडा, छातीची डावी बाजू उघडी, डावी विजार गुडघ्याच्या वर दुमडलेली, उजव्या पायात सपात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा सैल फास. बंद दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला पहारेकरी. बँकेचा मॅनेजर असो की संस्थानिक, दारावर थाप पडते ती अशाच अवतारात.

धातू का नको, याची तीन कारणं देतात. एक, आत येताना हातात शस्त्र नसावं. दुसरं, यरुशलेमचं सॉलोमनचं मंदिर उभारताना तिथे लोखंडी हत्याराचा आवाजही झाला नव्हता, अशी बायबलमधली कथा आहे. दगड खाणीतच घडवून आणले होते. तिसरं कारण मात्र विधी सुरू झाल्यावरच उमगतं. छातीला टेकवलेलं पातं, धर्मग्रंथावर हात ठेवून घेतलेली शपथ, मग डोळ्यांवरची पट्टी निघते. नवख्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. इमारतीची कोनशिला परंपरेने तिथेच बसते. आणि तिथे त्याच्याकडे गरिबांसाठी दान मागतात. तो सवयीने खिसा चाचपतो. खिशात काही नसतं. काय बोलावं ते त्याला सुचत नाही. ही अवघडलेली घडी विसरू नकोस, उद्या एखादा अडलेला भाऊ भेटला तर आठव, एवढंच त्याला सांगतात. दानधर्मावरची शंभर व्याख्यानं एकीकडे आणि हे अर्धं मिनिट एकीकडे! हे नाटक ज्याने रचलं त्याला माणूस कळला होता.

मेसन म्हणजे गवंडी, तेव्हा पुढची सामग्री थेट गवंडीकामातली. कमरेला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन. शिकाऊ भावाला चोवीस इंची पट्टी, हातोडी आणि छिन्नी. दिवसाचे चोवीस तास कसे वाटायचे ते पट्टीवरून समजावतात. वरच्या पायऱ्यांवर गुण्या, पाणसळ, ओळंबा. समोर दोन दगड, एक अनघड आणि एक घडीव. कोणता दगड आपण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं गुप्त, म्हणून तर उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणत. खरं तर यातला बहुतेक भाग केव्हाच छापून झाला आहे. 24 जून 1717 रोजी लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आले आणि पहिलं ग्रँड लॉज झालं. 1730 पर्यंत मेसनांचं लॉज कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमला पोहोचलंही.

पण बंधुभावाचा खरा कस मुंबईत लागला. माणकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ, पुढे मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले. त्यांनी लॉजचं दार ठोठावलं. तिथे मतदान गोळ्यांनी होतं, पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. इंग्लंडच्या नियमात तीन काळ्या गोळ्या माणसाला बाहेर ठेवायला पुरतात. माणकजींना मुंबईच्या गोऱ्यांनी नाकारलं. मग ते युरोपात गेले आणि पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन आले! आता भाऊ तर झाला, त्याला बसवायचं कुठे? जेम्स बर्न्स या कंपनीच्या डॉक्टराने स्कॉटिश शाखेतून वाट काढली. 1843 च्या डिसेंबरात ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे हिंदी लोकांना आत घेणारं लॉज मुंबईत निघालं. बर्न्स प्रमुख, माणकजी चिटणीस. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा आणि फिरोजशहा मेहता त्याच लॉजचे.

हिंदूंची वाट आणखी लांब. एका परमेश्वरावर श्रद्धा हवी ही मुख्य अट, आणि तेहतीस कोटी देव मानणाऱ्यांची श्रद्धा त्यात बसते का, यावर साहेबांचा खल चाले. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना आत यायला 1872 उजाडलं. कपडे आणि नाणी काढून घेणाऱ्यांना कातडीचा रंग आणि धर्म तेवढे दाराबाहेर ठेवता आले नाहीत. बारा वर्षांनी, 1884 मध्ये, त्याच शहरात तरुण नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, दीक्षा घेऊन मेसन झाले.

24 नोव्हेंबर 1961 ला भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज स्थापन झालं. आता वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहेब आणि अवेस्ता असतात. ज्याचा जो ग्रंथ, त्यावर त्याची शपथ. राजकारण आणि धर्मावर वाद घालायला आत बंदी आहे, जी आपल्या अनेक मंडळांनी उसनी घ्यावी. बायकांना मात्र या लॉजमध्ये अजून प्रवेश नाही. ॲनी बेझंट यांना स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या संघटनेत जावं लागलं.

एक सावधगिरी. मेसनांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘इलुमिनाटी’चे सभासद व्हा, कोट्यधीश व्हा, असे संदेश मोबाइलवर फिरतात. ती मूळ मंडळी 1776 साली बव्हेरियात जमली आणि दहाएक वर्षांत सरकारी बंदीखाली संपली. मेसन व्हायचं तर माणसाने स्वतः इच्छा सांगावी लागते, ओळखीचा सूचक लागतो, प्रत्यक्ष भेट होते, मग गोळ्या पडतात. प्रवेशाचे पैसे ऑनलाइन पाठवा म्हणणारा ठगच, त्याची तक्रार सायबर हेल्पलाइनच्या 1930 या क्रमांकावर करा.