साष्टीचे पाद्री आणि त्यांचे पुराण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव बहुधा एका ठरावीक संदर्भात येते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार ओव्या उद्धृत केल्या जातात, एका इंग्रज माणसाने ही भाषा इतकी आत्मसात करावी ह्याबद्दल आश्चर्य व्यक्त होते, आणि इतिहासकार पुढच्या कवीकडे वळतो. ह्या कौतुकात खोटे काही नाही. परंतु त्यामुळे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा एक ग्रंथ चार ओव्यांच्या प्रशस्तिपत्रात जमा होतो, आणि तो लिहिणारा मनुष्य दिवसभर कोणते काम करीत होता हा प्रश्न विचारायचा राहून जातो. स्टीफन्स ह्यांच्या भारतातील चाळीस वर्षांपैकी बहुतेक काळ गोव्यातील साष्टी महालाच्या चर्चांत, बाप्तिस्मा, पापनिवेदन, लग्ने आणि अंत्यविधी करण्यात गेला. 'क्रिस्तपुराण' त्या नित्यकर्मातून निपजले. त्याचे गुण तेथेच शोधावे लागतात, आणि त्याची अवघड बाजूही.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या गावी सुमारे १५४९ मध्ये त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक उपासना कायद्याने निषिद्ध ठरली होती. मिसा चोरून होत आणि धर्मग्रंथही चोरून वाचावे लागत. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासह रोमला निघून जाण्याचा त्यांचा बेत होता. पाउंड पकडला जाऊन तुरुंगात पडला. स्टीफन्स निसटले, आणि १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशू संघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये ते लिस्बनहून निघाले व ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. ह्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र हॅक्लूटने १५८९ मध्ये आपल्या प्रवाससंग्रहात छापले, आणि कित्येक इंग्रज वाचकांना हिंदुस्थानच्या वाटेची पहिली कल्पना त्यातून आली. पत्र लिहिणारा मात्र मायदेशी पुन्हा गेला नाही. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा अंत झाला.

मायदेशी ज्याचा धर्म राजसत्तेने दडपला होता, असा मनुष्य ज्या प्रांतात आला तेथे त्याचाच धर्म राजसत्तेच्या आधाराने दुसऱ्यांचा धर्म दडपीत होता. १५६७ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी साष्टीतील देवळे पाडली होती. जुन्या पोथ्या बाळगणे गुन्हा ठरले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाविवा ह्यांच्यासह पाच येशूसंघीय गावकऱ्यांच्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसमधील आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या पाच सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकीकत दिली आहे. आणि ह्याच पत्रात, जणू जाता जाता, ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे असेही नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स ह्यांच्या १७८६ च्या सुप्रसिद्ध व्याख्यानापूर्वी दोनशे वर्षे हे निरीक्षण झाले. शवांचे वृत्त आणि व्याकरणाचे वृत्त एकाच कागदावर यावे ही गोष्ट त्या काळच्या मिशनरी जीवनावर पुष्कळ प्रकाश टाकते.

साष्टीच्या कॉलेजचे रेक्टरपदही त्यांच्याकडे काही काळ होते. हेरगिरीच्या संशयावरून पकडून आणलेल्या राल्फ फिच, न्यूबेरी इत्यादी इंग्रज व्यापाऱ्यांना १५८३ च्या अखेरीस जामिनावर सोडविण्याच्या कामी त्यांनी साहाय्य केले. ह्या गोष्टी चरित्रकाराच्या कामाच्या आहेत. समीक्षकाला त्यांच्यापेक्षा पुराणाच्या आरंभी आलेला एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे.

साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती सिद्धांत शिकविणे चालले आहे. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, शिकविता ते चांगलेच आहे, परंतु मराठीत काही शास्त्रपुराण आम्हांला मिळाले तर लोकांचे समाधान होईल. पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या तोडीचे दुसरे काही का देत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुराण सुरू होते.

प्रश्नोत्तराची ही चौकट पुराणवाङ्मयाच्या संकेताला धरून आहे. श्रोत्याच्या शंकेवाचून पुराण सुरू होत नाही. म्हणून अनेकांनी ह्या प्रसंगाकडे केवळ रचनेची युक्ती म्हणून पाहिले. तसे पाहणे पुरेसे नाही. येथे श्रोता विचारतो तो प्रश्न सृष्टीच्या उत्पत्तीचा नाही. आपल्या हातून काढून घेतलेल्या ग्रंथांचा तो प्रश्न आहे. ही तक्रार ज्या पक्षाविरुद्ध आहे त्या पक्षाचा कवीच ती ग्रंथात नोंदवितो, आणि ती अयोग्य आहे असे म्हणत नाही. चर्चच्या परवानगीने छापल्या जाणाऱ्या ग्रंथात ती राहू द्यावी, हे साधे नव्हे. स्वतःच्या देशात निषिद्ध ग्रंथांचा वाचक असलेल्या माणसाला ती तक्रार ऐकू आली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यांनी तसे कोठे लिहिलेले नाही. आणि पोथ्यांवरील बंदीला त्यांनी विरोध केला असेही दिसत नाही. त्यांनी एवढेच केले की रिकामी झालेली जागा ओळखली आणि ती भरण्यास ओवी घेतली.

ह्या ओळखीत पाद्रीपणाचा मोठा वाटा आहे. साष्टीचे लोक बोलत ती कोकणी. त्यांच्या कानांवर पुराण म्हणून पडे ती मराठी. स्टीफन्स ह्यांनी हा भेद काटेकोरपणे पाळला. प्रश्नोत्तररूप धर्मसिद्धांत त्यांनी कोकणीत लिहिला, कारण तो समजून पाठ व्हावयाचा होता. त्यांचे कोकणी व्याकरणही, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले, कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्यांच्या गरजेतून आलेले आहे. पुराण मात्र त्यांनी मराठीत रचले, आणि शुद्ध मराठीतील कठीण शब्द लोकांना उमगणार नाहीत म्हणून त्यात स्थानिक बोलीचे शब्द मिसळले. हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. भाषाशुद्धीच्या दृष्टीने ह्या मिश्रणाला दोष देणारे टीकाकार विसरतात की, ग्रंथ रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचला जावा अशी योजना होती. ज्या शब्दाशी श्रोता अडखळेल तो शब्द कवीला कितीही प्रिय असला तरी पाद्रीला चालणारा नव्हता.

पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, अशी ग्रंथाची मांडणी आहे. पहिल्यात सृष्टीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. आरंभी नमन आहे, पण ते त्रैक्यरूप देवाला. स्वर्गाला वैकुंठ हा शब्द आहे, सैतानाला देवचार. 'वैकुंठ' हा शब्द ख्रिस्ती अर्थाने वापरताना विष्णूचे स्मरण श्रोत्याच्या मनातून पुसले जाईल असे स्टीफन्स ह्यांनी मानले असेल काय? बहुधा नाही. जुन्या शब्दातील ऊब त्यांना हवी होती आणि जुना देव नको होता. त्यांच्या काव्याचे सामर्थ्य आणि त्यांच्या कार्याचा पेच ह्या एका शब्दात एकत्र आलेले दिसतात. रचनेच्या दृष्टीने मात्र निर्णय द्यावा लागतो तो त्यांच्या बाजूनेच: जेथे उपदेश थांबून कथा चालते तेथे, विशेषतः मरियेच्या शोकात, ओवी सहज व आर्त होते. जेथे वाद सुरू होतो तेथे ती शिक्षकाच्या छडीसारखी वाजते, आणि असे भाग थोडे नाहीत.

लिपीचा प्रश्नही त्यांनी व्यवहाराच्या अंगाने सोडविला. भारतीय अक्षरांत छापण्याची त्यांची इच्छा होती. परंतु रोमन वर्णमालेला चोवीस खिळे पुरतात तर येथील अक्षरे जोडाक्षरांसह मोजली तर सहाशेच्या घरात जातात, हे त्यांनी १६०८ मध्ये आपल्या संघप्रमुखांना कळविले होते. अखेर १६१६ मध्ये राचोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी अक्षराचे द्वित्व करण्याची पद्धती त्यांनी त्यासाठी वापरली. १६४९ आणि १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या.

भारतातील इतर परदेशी पाद्री-कवींशी तुलना केली म्हणजे स्टीफन्स ह्यांचे वेगळेपण ध्यानात येते. १६०५ मध्ये गोव्यास उतरलेले रोबेर्तो दि नोबिली मदुरेस संन्याशाच्या वेषात राहिले. त्यांचा संवाद धर्माबाहेरच्या विद्वानांशी होता. बेस्की ह्यांचे 'तेंबावणी' अठराव्या शतकातील तमिळ पंडितांच्या कसोटीला उतरण्याच्या जिद्दीने रचलेले आहे. स्टीफन्स ह्यांना जवळचे असतील तर केरळातील अर्णोस पाद्री, म्हणजे योहान हान्क्सलेडन: त्यांचा 'पुत्तन पाना' आजही पुण्यसप्ताहात ख्रिस्ती घरांत म्हटला जातो.

'क्रिस्तपुराणा'चे गोव्यातील भाग्य मात्र फार काळ टिकले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर ह्याने देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला, आणि ज्या धर्मसत्तेने जुन्या पोथ्या बंद केल्या होत्या तिच्याच छायेखाली हे नवे पुराणही परके झाले. ते जगले गोव्याबाहेर. सतराव्या-अठराव्या शतकांत कानडा मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. टिपूच्या बंदिवासातही ते वाचले जात असे, अशी मंगळूरकडील परंपरा आहे. त्याच प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्याहून ग्रंथ देवनागरीत आणला आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना तो तेव्हा प्रथम वाचता आला.

ह्या तिन्ही मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज ज्ञात नाही. लंडन येथे मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित आहे. तिकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात जस्टिन अॅबट ह्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातील पाठात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द येतात. हा कवीचा मूळ पाठ, की कोणा मराठी लेखनिकाने मागाहून केलेले संस्करण, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मंगळूरच्या प्रती आणि ही पोथी ओवीओवीने ताडून पाहिल्याशिवाय स्टीफन्स ह्यांच्या शब्दयोजनेविषयी ठाम विधान करणे धोक्याचे आहे.