ऐंशी घरांची ओळ

सोलापुरी चादरीवरचा मोर मागाला मोर म्हणून ठाऊकच नसतो. नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढली जाते. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं पडतात, आणि दर आडव्या धाग्याला ताण्यातले कोणते धागे उचलायचे हे मागावरचं जेकार्ड यंत्र त्या छिद्रांवरून ठरवतं. फ्रान्समध्ये १८०४ मध्ये आलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत छिद्रांची कार्डं माणसं मोजू लागली आणि १९२८ मध्ये आयबीएमने ऐंशी स्तंभांचं कार्ड आणलं. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलचा पडदाही ऐंशी घरं रुंद आणि चोवीस ओळी उंच होता. आज लॅपटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडली, की ती बहुधा याच मापाची असते!

या खिडकीत आज्ञा टाइप करून संगणकाकडून कामं करून घेता येतात. पण दिवसभर मजकूर-संपादक प्रोग्रामात लिहिणाऱ्याला दर आज्ञेसाठी बाहेर का जावं लागावं? ईमॅक्स या संपादकाने याला एक नव्हे, अनेक उत्तरं दिली आहेत, आणि त्यांतून निवड करताना टर्मिनल म्हणजे नेमकं काय हेच उलगडत जातं.

सगळ्यात साधा मार्ग ‘शेल’. ईमॅक्स बॅशसारखा आज्ञा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, चालू करतो आणि त्याचं सगळं बोलणं साध्या मजकुरासारखं समोर ठेवतो. हजार ओळी मागे जा, शोधा, कापा, चिकटवा. जुन्या आज्ञेवर कर्सर नेऊन एंटर दाबलं, की तीच आज्ञा पुन्हा धावते. मात्र इथे टर्मिनलच्या पडद्यासारख्या घराघरांच्या चौकटी नाहीत. आत चालणाऱ्या प्रोग्रामांना ‘हे मुकं टर्मिनल आहे’ असंच सांगितलेलं असतं. त्यामुळे सगळा पडदा रंगवणारा ‘टॉप’सारखा प्रोग्राम इथे अडतो.

असे प्रोग्राम पडदा रंगवतात तरी कसे? अक्षरांच्या प्रवाहातच ते गुप्त खुणा सोडतात. एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि एम एवढं आलं, की पुढची अक्षरं लाल. दुसरी एखादी खूण कर्सरला अमुक ओळीच्या तमुक घरात नेते. खुणा वाचून चौकटी भरणारं कुणीतरी हवं. ईमॅक्समध्ये हे काम ‘टर्म’ पूर्वीपासून करतो, पण मजकुराचा लोंढा आला की धापा टाकतो. ‘व्हीटर्म’ तेच काम सी भाषेतल्या लिबव्हीटर्मकडे सोपवतो, म्हणून तो वेगवान आहे. फक्त बसवताना कंपाइल करावा लागतो. ‘ईट’ला तीही गरज नाही, तो संपूर्णपणे ईमॅक्सच्या लिस्प भाषेत लिहिलेला आहे.

आणि मग ‘ईशेल’! इथे बाहेरचा बॅश नाहीच, शेलच लिस्पमध्ये लिहिलेला. आज्ञेच्या जागी कंसात अधिक, दोन, तीन लिहा, उत्तर पाच येतं. आज्ञेचा निकाल फाइलऐवजी थेट संपादकातल्या दुसऱ्या उघड्या मजकुरात ओतता येतो. आज्ञा आणि लेखन यांच्यातली भिंत इतकी पातळ झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी खरी कसोटी पुढेच आहे. ‘सोलापूर’ लिहा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोडच्या लेखी ती सात चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. चौकटींचं टर्मिनल काय मोजतं? बऱ्याच ठिकाणी रुळलेल्या जुन्या हिशेबात ओकार आणि काना यांना प्रत्येकी एक घर मिळतं, ऊकाराला शून्य. म्हणजे सहा घरं. फॉन्ट मात्र मात्रा अक्षराला जोडून आपल्याच रुंदीने काढतो. मग कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, स्तंभ वाकडे. चूक एका प्रोग्रामची नाही. इंग्रजीच्या एकेक सुट्या अक्षरासाठी आखलेल्या चौकटीत जोडाक्षरांची लिपी बसवायचा हा प्रयत्न आहे.

‘शेल’मध्ये चौकटीच नसल्याने हा पेच बराच सुटतो. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरू शकतो, आणि वेलांटी, रफार, जोडाक्षरं लेखात दिसतात तशीच आज्ञेच्या ओळीतही दिसतात. म्हणून मराठी फाइली चाळायच्या, शब्द शोधायचे, मोजायचे असतील तर मी निःशंकपणे साधा ‘शेल’ सुचवेन, आणि पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रामांसाठी ‘व्हीटर्म’. दोन्ही एकाच ठिकाणी हवं असेल, तर ‘ईट’ ‘ईशेल’ला जोडता येतो: एरवी मजकूर वाहत राहतो, आणि ‘टॉप’ सुरू केला की तोही तिथेच नीट चालतो.