प्रेक्षक, गिऱ्हाईक आणि माल

१९७६ मध्ये टेलिव्हिजन आकाशवाणीपासून वेगळे झाले, ‘दूरदर्शन’ हे त्या संस्थेचे नाव ठरले, आणि एक नेटका शब्द विशेषनामात अडकला. घरातल्या पेटीला मग ‘टीव्ही’वाचून गत्यंतर उरले नाही. येथवर तक्रारीचे कारण नाही. स्टेशन आणि तिकीट आपण केव्हाच पचविले आहेत. ‘टीआरपी’, ‘प्राइम टाइम’, ‘आयबॉल’ यांची गोष्ट निराळी. हे शब्द जाहिरातीच्या हिशेबवहीतून आले. आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणारा तिकीट काढतो. तो गिऱ्हाईक असतो. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीचे गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. प्रेक्षकाचे लक्ष हा तिचा विकाऊ माल, आणि टीआरपी हे त्याचे माप. २०२० मध्ये देशातील सुमारे २१ कोटी टीव्हीधारक घरांचे हे माप जेमतेम ४४ हजार घरांतील यंत्रांवरून निघत होते. (अर्थशास्त्राला नमुन्याचे वावडे नाही; प्रश्न मोजतो कोणासाठी, हा आहे.) गोंदियातला विद्यार्थी आवडत्या मालिकेचा टीआरपी घसरला म्हणून हळहळतो, तेव्हा तो विक्रेत्याचा तोटा आपल्या खाती मांडत असतो. मालिका बिघडली होती काय, हे त्याला कोणी विचारीत नाही. तोही विचारीत नाही.