अळणी आजाऱ्याला, फोडी कुणाला?

पावसाळा लागला की आमच्या हदगाव भागात घरोघर सर्दी-पडसे, ताप सुरू होतो. मग "कोंबडी आणा, पोराला अळणी पाजू" असे आजी म्हणते. येसूर, तिखट घालण्याआधी भांड्यातून काढून घेतलेले कोंबडीचे पिवळसर पाणी म्हणजे अळणी. आजारी माणसाला, बाळंतिणीला ती देण्याची आपली जुनी रीत आहे. शहरात यालाच सूप म्हणतात व त्यात नूडल्स घालतात. आपल्या घरी उन्हाळ्यात बाजेवर वाळवलेल्या गव्हाच्या शेवया डब्यात असतात. त्या अळणीत घातल्या की तेच झाले!

या रीतीत तथ्य किती? अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी २००० साली घरगुती चिकन सूपची प्रयोगशाळेत तपासणी प्रसिद्ध केली. सर्दीत दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल सूपमुळे मंदावते, असे त्यांना दिसले. मात्र तो प्रयोग माणसांवर नव्हता. म्हणून अळणी हे औषध नव्हे. गरम अळणीने नाक मोकळे होते, पोटात पाणी जाते, तोंडाला चव येते, एवढे खरे.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पत्नी बाळंत झाली तेव्हा मी अर्धा किलो कोंबडी आणली. तिला दोन वाट्या अळणी दिली आणि फोडींना तिखट लावून आम्ही घरचे पुरुष जेवलो. "बाळंतिणीला पचत नाही" म्हणून मोकळे झालो. कोंबडी आणली तिच्यासाठी, खाल्ली आम्ही! हिशेब करणे हा माझा रोजचा धंदा, पण हा हिशेब मला फार उशिरा कळला.

हिशेब असा : शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, वाटीभर पाण्यात फारच थोडी. झीज भरून काढणारी प्रथिने फोडीत राहतात. नुसते पाणी पाजून अंगात ताकद येत नाही.

म्हणून चौघांसाठी असे करा. हाडांसह अर्धा किलो कोंबडी घ्या. गावरान महाग वाटली तर ब्रॉयलर चालेल. प्रथिनांत फारसा फरक नाही. चमचाभर तेलात कांदा, ठेचलेले आले-लसूण परता. कोंबडी, हळद, चार-पाच मिरे टाकून दीड लिटर गरम पाणी ओता. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. ब्रॉयलरला पाऊण तास, गावरानला दीड तासही लागतो. मांस आतपर्यंत शिजलेच पाहिजे. मग फोडी काढून हाडे वेगळी करा, मांस बारीक तोडून पुन्हा पाण्यात सोडा. गाजर किंवा मूठभर शेवग्याचा पाला घाला. दोन मुठी शेवया कोरड्या भाजून जेवायच्या वेळीच टाका. आधी टाकल्या तर लगदा होतो. शेवयांत मीठ असते, म्हणून चव पाहून शेवटी मीठ घाला. वरून लिंबू पिळा. उरलेले रात्रभर बाहेर ठेवू नका.

पाकिटातले सूप सोपे वाटते. पण पाकिटामागचा सोडियमचा आकडा अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे पाहावेच.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, किंवा धाप लागली, तर अळणीवर विसंबू नका; दवाखाना गाठा.

आणि बंधूंनो, यापुढे वाढताना पहिली फोडी आजाऱ्याच्या, बाळंतिणीच्या, लेकीच्या ताटात पडू द्या. आपल्याला रस्सा पुरतो.