विश्लेषण : मराठ्यांच्या तलवारीवर मालकाचे नाव, मग घडवणाऱ्याचे का नाही?

लंडनच्या लिलावातून परत आलेल्या राघोजी भोसले यांच्या तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. ‘मराठा तलवार’ आणि पाते परदेशी, हे कसे? आपल्याकडचे पोलाद जगात नावाजलेले असताना बाहेरची पाती का घेतली गेली? जपानमध्ये सातशे वर्षांपूर्वीच्या तलवारकारांची नावे आजही घेतली जातात. आपले कारागीर कुठे हरवले? आणि घरात जुनी तलवार असेल तर खंडेनवमीला काय टाळावे?

विषय आता चर्चेत का?

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले राघोजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने ती मिळवली. सर्व खर्च धरून तिच्यासाठी ४७ लाख १५ हजार रुपये मोजावे लागले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि ती सर्वप्रथम साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडण्यात आली.

दोन्ही वेळा चर्चा झाली ती शस्त्र कोणाचे, याची. ते कोणी घडवले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

राघोजींच्या तलवारीवर नेमके काय लिहिले आहे?

पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या पाण्याने देवनागरीत लेख आहे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग’. सेनासाहेब सुभा ही पदवी त्यांना साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी दिली होती. राघोजींच्या स्वाऱ्या बंगाल, ओडिशापर्यंत गेल्या. पुढे १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसले इंग्रजांकडून हरले. त्या लुटीतून ही तलवार बाहेर गेली असावी, असा अंदाज आहे.

लेखातला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ‘फिरंग’ म्हणजे फिरंग्यांकडून आलेल्या पात्याची तलवार. म्हणजे पाते बाहेरचे आहे, हे लपवलेले नाही. उलट ते सोन्याने लिहून मिरवले आहे. मूठ मात्र इथली, मुल्हेरी घाटाची आहे. तिच्यावर पोलादात सोने बसवून केलेले कोफ्तगरीचे नक्षीकाम आहे.

मराठ्यांना परदेशी पाती का लागली?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय पात्यांची आवक वाढत गेली. जर्मनीतील सोलिंगेन, इटलीतील जिनोआ, स्पेनमधील टोलेडो ही पात्यांसाठी प्रसिद्ध गावे. तिथून फक्त पाते यायचे. मूठ, परज, म्यान हे सगळे इथे चढवले जायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर इंजिन आयात आणि बांधणी देशी.

त्यामागे लढाईची गरज होती. मराठ्यांचे बळ घोडदळात. घोड्यावरून वार करताना लांब, सरळ आणि वजनाला हलके पाते उपयोगी पडते. ते शत्रूपर्यंत आधी पोहोचते आणि वार करताना किंवा भोसकताना सोयीचे पडते. सरळ पात्याची ‘धोप’ त्यासाठीच लोकप्रिय झाली. युरोपीय पाते स्प्रिंगसारखे लवायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. चिलखतावर किंवा ढालीवर आदळल्यावर तुटणारे पाते सैनिकाच्या जिवावर बेतते. त्यामुळे दांडपट्ट्यालाही लवचीक पाते हवे असायचे.

सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळात, १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात, प्रिन्स ऑफ वेल्सला भेट म्हणून गेली. तिचेही पाते युरोपीय असून त्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती मुद्रा आहे. राज्य राखण्यासाठी चांगले हत्यार कुठूनही घ्यावे, असा हा व्यवहार होता. त्यात कमीपणा कोणालाच वाटत नव्हता.

मग आपल्याकडे चांगले पोलाद नव्हते का?

होते, आणि ते जगातल्या उत्तम पोलादांपैकी एक होते. दख्खनमध्ये, विशेषतः आजच्या तेलंगणातील निजामाबाद-निर्मळ पट्ट्यात आणि कर्नाटक-तमिळनाडूच्या काही भागांत, मुशीतले पोलाद तयार व्हायचे. लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाने मातीच्या मुशीत घालून तोंड बंद करायचे आणि ती मूस भट्टीत तासन्‌तास तापवायची. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात उतरायचा. मूस फोडली की आत पोलादाची छोटी लादी मिळायची. युरोपीयांनी त्याला ‘वुट्झ’ म्हटले. कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दावरून ते नाव आले असावे, असे मानतात.

या लाद्या इराण, अरबस्तानापर्यंत जायच्या. त्यांच्यापासून घडवलेल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला ‘जौहर’ म्हणतात. तीच पाती युरोपात ‘दमास्कस’ म्हणून गाजली. विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेल्या मायकेल फॅरेडे यांनी १८१९ ते १८२२ च्या सुमारास या पोलादाचे गुपित शोधण्यासाठी प्रयोग केले होते.

पण या पोलादात कार्बन भरपूर. त्यामुळे धार अप्रतिम टिकते, मात्र पाते ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. घडवताना उष्णता थोडी जास्त झाली तरी लादी हातोड्याखाली फुटते. म्हणून जौहरदार तलवार ही महाग, मानाची वस्तू राहिली. दोन्ही प्रकार एकाच शस्त्रागारात सुखाने नांदत होते.

जपानी तलवारकारांचे काय वेगळे होते?

जपानी कारागिरांपुढेही हाच पेच होता : धार कडक हवी, पण पाते तुटता कामा नये. त्यांनी उत्तर वेगळे शोधले. लोखंडी वाळू आणि कोळसा ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस-रात्र जाळून ‘तामाहागाने’ हे पोलाद काढायचे. ते ठोकून, घडी घालून, पुन्हा ठोकायचे. अशा दहा-पंधरा घड्यांनी मळ निघून जातो आणि कार्बन सारखा पसरतो. मग पाठीच्या बाजूला मातीचा जाड लेप, धारेच्या बाजूला पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. पात्याला बाकही त्याच क्षणी येतो.

या कलेला खतपाणी युद्धांनीच घातले. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांनी जपानवर आरमारी स्वाऱ्या केल्या. नंतरच्या पिढीत कामाकुरा येथे मासामुने हा कारागीर झाला. जपानमधील सर्वश्रेष्ठ तलवारकार म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. १४६७ पासून जवळपास दीडशे वर्षे सामुराई सरदार आपसांत लढत राहिले. मागणी इतकी वाढली की बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावात अक्षरशः घाऊक पाती तयार होऊ लागली. त्यांत उत्तमही होती आणि कामचलाऊही. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत रणांगणाचे गणित बदलले.

महत्त्वाचा फरक सहीचा. जपानी कारागीर मुठीच्या आत जाणाऱ्या शेपटावर आपले नाव, गाव आणि अनेकदा तारीखही कोरायचा. मूठ काढली की घडवणारा समोर येतो. मासामुनेच्या बऱ्याच पात्यांवर सही नाही. तरी जाणकार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासण्या करून त्यांच्या नोंदी ठेवल्या.

आपल्या कारागिरांची नावे का उरली नाहीत?

पहिले कारण, कामाची विभागणी. दख्खनमध्ये पोलाद एकाने ओतले, पाते दुसऱ्याने ठोकले, मूठ तिसऱ्याने बसवली, नक्षी चौथ्याने केली. लोहार होते, पात्याला पाणी आणि चकाकी देणारे शिकलगार होते, जीन आणि म्यानाचे काम करणारे जिनगर होते. त्यातच पाते सोलिंगेनचे असेल, तर सही कोणाची?

दुसरे कारण, मान कोणाला हा. तलवारीची किंमत ती कोणाच्या कमरेला होती यावर ठरली. गावगाड्यात लोहार बलुतेदार. त्याला धान्य मिळाले, दप्तरात कारागीर म्हणून ओळख मिळाली नाही.

तिसरे, नाव असले तरी ते खरे असेलच असे नाही. इराणी पात्यांवर ‘असदुल्ला इस्फहानी’ हे नाव इतक्या वर्षांच्या अंतराने सापडते की ते एका माणसाचे असणे शक्य नाही. सोलिंगेनचे कारागीरही ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव सर्रास कोरत. आजच्या भाषेत याला ब्रँडची नक्कल म्हणता येईल.

एक खूण मात्र पुसली गेलेली नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात शिकलगार हे आडनाव आजही सर्रास आढळते. त्याचे मूळ ‘सैकल’ म्हणजे चकाकी देणे या अरबी शब्दात आहे. पात्यावर सही नसेल, पण आडनावात धंदा जिवंत आहे.

तासगाव परिसराचा याच्याशी संबंध काय?

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धन यांचे गाव. सात मजली गोपुराचे इथले गणपती मंदिर त्यांनीच बांधायला घेतले. पटवर्धनांची फौज उत्तर पेशवाईतील मोठ्या लढायांत होती. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत १७९१ मध्ये धारवाडचा किल्ला घेण्यात परशुरामभाऊ आघाडीवर होते. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठी फौजांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत ते मारले गेले.

त्यांची कारकीर्द तलवारीच्या उतरत्या काळातली आहे. धारवाड महिनोन्‌महिने लढले गेले ते तोफांनी. त्याच सुमारास उत्तरेत महादजी शिंदे युरोपीय सेनानी द बॉइन याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेत होते. तलवार कमरेला राहिली, निकाल मात्र तोफ आणि बंदूक देऊ लागली. या मोहिमांत गेलेल्या शिलेदार-बारगिरांच्या वंशजांच्या घरी आजही देव्हाऱ्यात किंवा माळ्यावर एखादे जुने पाते असते. ते दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघते.

ही कला संपली कधी?

दोन्ही देशांत एकाच दशकात तिला फास लागला. जपानमध्ये १८७६ च्या आदेशाने सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली. भारतात १८७८ चा शस्त्र कायदा आला. मुशीतल्या पोलादाला १८५६ नंतर बेसेमर पद्धतीच्या स्वस्त पोलादाने बाजारातून हटवले. जंगलांवर सरकारी निर्बंध आल्याने कोळसाही मिळेना. ज्या कारागिरांना कृती तोंडपाठ होती ते गेले आणि त्यांच्याबरोबर कृतीही गेली.

जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर वाट बदलली. १९४५ मध्ये अमेरिकी ताब्यात असताना असंख्य तलवारी जप्त झाल्या; मासामुनेची एक प्रसिद्ध तलवार तेव्हा गेली ती सापडलीच नाही. नंतर मात्र तलवार ‘कलावस्तू’ ठरली. आज तिथे किमान पाच वर्षे उमेदवारी केल्याशिवाय तलवारकाराचा परवाना मिळत नाही आणि महिन्याला दोनच मोठ्या तलवारी घडवता येतात. शिमाने प्रांतात १९७७ पासून पारंपरिक तातारा पुन्हा पेटवली जाते. आपल्याकडे कोट्यवधींच्या भावना तलवारीत गुंतलेल्या आहेत, पण पारंपरिक पाते घडवणाऱ्याला शिकवण्याची आणि जगवण्याची अशी व्यवस्था नाही.

घरात जुनी तलवार असेल तर काय करावे?

सर्वाधिक नुकसान प्रेमापोटी होते. खंडेनवमीला शस्त्र लख्ख दिसावे म्हणून चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश पेपरने घासले जाते. त्याने गंज जातो, पण त्याबरोबर जौहरची नक्षी, ठसा, अक्षरे आणि कोफ्तगरीचे सोनेही जाते. ते सोने कागदापेक्षा पातळ असते. पात्यावरची एखादी पुसट मुद्रा हीच ते पाते कोठून आले हे सांगणारी एकमेव खूण असू शकते.

म्हणून एवढे पाळावे :

• पाते कोरड्या सुती कापडाने पुसावे, हलक्या तेलाचा पातळ हात द्यावा. सान, ग्राइंडर टाळावा.

• ओले हळदी-कुंकू थेट पात्यावर न लावता मुठीशेजारी पानावर वाहावे; लावलेच तर पूजेनंतर पुसून कोरडे करावे.

• चामडी म्यानात ओल धरते. पावसाळ्यात पाते अधूनमधून बाहेर काढून पाहावे.

• दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि मुठीचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली माहिती त्यासोबत लिहून ठेवावी.

• मिरवणुकीत तलवार नाचवू नये. शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा दाखल होतो.

• शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ती परवानगीशिवाय परदेशात नेता येत नाही.

लंडनहून एक तलवार परत आणायला ४७ लाख लागले. गावोगावच्या देव्हाऱ्यांतली पाती वाचवायला तेलाचा एक थेंब आणि लिंबू बाजूला ठेवण्याचा संयम पुरतो. घडवणाऱ्याचे नाव कदाचित कधीच सापडणार नाही. त्याचे काम तरी आपल्या हाताने पुसले जाऊ नये.