मोटारीची उंची आणि वळणावरील तोल

वेगवान मोटार वळण घेते, तेव्हां तिचा भार बाहेरील चाकांकडे सरकतो. तो किती सरकावा, हें गुरुत्वमध्याची उंची व डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांच्या प्रमाणावर अवलंबून असतें. म्हणूनच बी. एम. डब्ल्यू. ३ सीरीजसारख्या चपळ सेडानला हौशी मालक आंखूड स्प्रिंगा घालतात आणि हब व चाक यांच्यामध्यें स्पेसर नांवाच्या धातूच्या चकत्या बसवितात.

समजा, गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरांवरून ५२० वर आला आणि प्रत्येक चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकून १५०० चें अंतर १५३० झालें. तर सरकणारा भार सुमारें ७ टक्क्यांनीं घटतो. लाभ एवढाच.

किंमत मात्र दोन ठिकाणीं मोजावी लागते. स्प्रिंग दबण्यास जागा कमी उरते. ती अधिक ताठ नसेल, तर मोटार खड्ड्यांत रबरी अटकावावर आदळते. शिवाय चकती जितकी जाड, तितका चाकाचा बोल्ट अधिक लांब हवा. जुनाच बोल्ट वापरल्यास आटे १५ मिलिमीटर कमी धरतात, आणि धांवत्या मोटारीचें चाक निखळूं शकतें. म्हणून नवे बोल्ट ठरल्या जोरानें आवळावे व थोड्या प्रवासानंतर पुन्हां तपासावे.