अडकलेल्या जखमीला ओढू नका, पण सोडूनही जाऊ नका

प्रथमोपचाराचा धडा घेताना एक प्रश्न हमखास येतो, "सर, गाडीत माणूस अडकला तर आधी ओढून काढायचा ना?" मुलांचं सोडा, रस्त्यावर जमलेली मोठी माणसंही हेच करतात. गाडीने पेट घेतला असेल किंवा ती पाण्यात बुडत असेल तर दुसरा इलाजच नाही. एरवी मात्र उपचार माणूस अडकलेला असतानाच सुरू व्हायला हवेत.

असं का? १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत होते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय दबलेली काही माणसं बाहेर काढली तेव्हा ठीक वाटत होती, बोलत होती. पुढे त्यांची लघवी कमी होत गेली आणि काही दिवसांत ती दगावली. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये याचं वर्णन प्रसिद्ध केलं. खूप वेळ दबलेले स्नायू मरू लागतात. ओझं हटलं की त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात मिसळतं. पहिल्याने हृदय बंद पडू शकतं, दुसऱ्याने मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून कोणी बराच वेळ दबलेला असेल, तर प्रशिक्षित पथक शक्यतो ओझं उचलण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करतं.

आपल्याकडे सलाईन नसतं, हे खरं. पण १०८ ला फोन करता येतो, गाडीचं इंजिन बंद करता येतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाची मान छातीवर पडून श्वास घरघरत असेल, तर डोकं दोन्ही हातांनी हळूच सरळ करून तसंच धरा. मानेला इजा असू शकते, पण श्वास आधी. पाणी पाजू नका (आपल्याकडे ही घाई फार!), ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

"पोलिसांचं लचांड मागे लागेल" ही पालकांची भीती मी नेहमी ऐकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

अडकलेल्याशी बोलत राहा. अॅम्ब्युलन्स आली की डॉक्टरांना सांगा: अपघात किती वाजता झाला, पाय केव्हापासून दबलाय, आणि बोलता बोलता तो गप्प झाला असेल तर कधी.